बाच्या नावानं पाणी

दारव्ह्याच्या जीपस्टँडला लागून एक अरुंद दुकान आहे. जळालेल्या पाणमोटारी तिथं पोट उघडून पडलेल्या असतात आणि त्यांच्यातून काढलेली काळी पडलेली तांब्याची तार दाराशी ढिगानं साचलेली असते. दुकान धम्मरत्नचं. पण त्याला या नावानं हाक मारणारं आता घरातलं एखादंच माणूस उरलं आहे. स्टँडवर तो ‘जहाज’.

‘‘जहाज, माह्या मोटारीचं काय झालं बे?’’

‘‘झाली का, पाणी देते का, ते विचार. काय झालं ते तिले विचार.’’

जीप भरेपर्यंत लोक त्याच्या बाकावर टेकतात. नवा कोणी असला तर तो हटकून विचारतो की परदेश कसा असतो. धम्मरत्न हातातली तार सोडत नाही. ‘‘आपल्यासारखाच असते,’’ म्हणतो. ‘‘उन्ह लागते, भूक लागते, रस्ता चुकते.’’ विचारणाऱ्याचा हिरमोड होतो. जहाजावर काही वर्षं काढलेल्या माणसानं थोडं तरी फुगवून सांगावं, अशी त्याची अपेक्षा असते.

बंदरं त्यानं पुष्कळ पाहिली. पण आता ती एकमेकांत मिसळून गेली आहेत. सगळीकडे त्याच क्रेन, तेच गंजाचे डाग, तेच लोखंडी दरवाजे. एकच दिवस वेगळा राहिला. दुपारी स्टँड सुस्तावतो, जीपवाले सीटवर आडवे होतात, तेव्हा हातातलं वेटोळं गुंडाळता गुंडाळता तो त्या दिवसात जाऊन येतो. परत आल्यावर थोडा वेळ त्याला हाक ऐकू येत नाही.

तो दिवस कोलंबोचा. परक्या देशाच्या जमिनीवर त्यानं पाय ठेवला तो पहिला दिवस.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. घराघरात पुढच्या खोलीत कापूस छताला टेकलेला असायचा आणि माणसं ओसरीत झोपायची. कापसानं अंग खाजतं म्हणून पोरं रडायची. विकावा तर भाव नाही, ठेवावा तर उंदीर. धम्मरत्नच्या घरचं शेत नव्हतं. त्याचा बाप उकंडा जिनिंगमध्ये कामाला होता. पण जिनिंगमध्ये कापूसच आला नाही तर कामगारानं काय करावं? हंगाम सुरू होऊनही यंत्रं अधूनमधूनच फिरत. उरलेले दिवस बा खाटेवर बसून खोकायचा. पंचवीस-तीस हंगामांचं कापसाचं तूस त्याच्या छातीत बसलं होतं. कामावर असायचा तेव्हा तो संध्याकाळी भुवयांपासून पापण्यांपर्यंत पांढरा होऊन यायचा, आणि धम्मरत्नची लहानगी बहीण दीपा त्याला ओळखत नसल्याचं सोंग करायची. ‘‘हा कोण म्हातारा आला वं माय?’’ बा दाराबाहेरच अंग झटकायचा. तूस उडून जायचं आणि आतून बा निघायचा.

उकंडा हे नाव त्याला जगावं म्हणून ठेवलेलं. आधीची मुलं गेली, म्हणून हा जन्मल्यावर आजीनं त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. पुढं गावानं बुद्धाचा धम्म घेतला, देव्हारे निघाले, पण नाव चिकटलेलं राहिलं. मुलाच्या वेळेला मात्र त्यानं नाव निवडायला वेळ घेतला. शाळेत मास्तरांनी ‘रत्ना’ असं आखूड करून लिहिलं, तर कामाचा दिवस बुडवून शाळेत गेला आणि ते पुरं करून घेतलं.

बारावीनंतर सोबतचे पोट्टे लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लागले. धम्मरत्नला जहाजावरच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली, शिष्यवृत्तीसह. माय, म्हणजे रुखमाबाई, म्हणाली, ‘‘इथं नदीले पूर आला तं तू पुलावर उभा राहत नाई. समुद्रावर काय करशीन?’’ बा म्हणाला, ‘‘जाऊ दे त्याले. तिथं तूस नसते.’’

वर्गातलं शिकून झालं आणि उरलेलं शिक्षण प्रत्यक्ष जहाजावर घ्यायचं म्हणून त्याला कांडल्याहून एका मालवाहू जहाजावर चढवलं. विद्यार्थी नावालाच, काम गंज खरवडायचं, रंग लावायचं, दोर गुंडाळायचं. जहाज आखातात गेलं. तिथं खलाशांना उतरायची परवानगी नव्हती. कठड्यावरून वाळूच्या रंगाचं शहर पाहून झालं आणि जहाज परत फिरलं. परतीच्या वाटेवर कप्तानानं त्याला वर बोलावलं आणि फोन हातात दिला. गावातल्या जीपस्टँडवरच्या अमरसिंगच्या फोनबूथवरून माय बोलत होती. आवाज मागेपुढे होत होता, पण शब्द कळले. बा गेला.

‘‘तू येऊ नको,’’ माय म्हणाली. जणू समुद्रातून उतरून येणं त्याच्या हातात होतं.

बौद्धांच्या घरात माणूस गेला की पुढं जलदान होतं. ताटात वाटी ठेवतात. भन्तेजी पालीतल्या गाथा म्हणतात आणि घरातला थोरला मुलगा लोट्यानं त्या वाटीत पाण्याची धार सोडतो. वाटी भरते, काठावरून ताटात उतरते, तरी गाथा संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. भरून वाहणाऱ्या नद्या जशा समुद्राला पोचतात, तसं इथं दिलेलं गेलेल्याला पोचो, असा त्या गाथेचा अर्थ. धम्मरत्नला तो लहानपणापासून पाठ होता. समुद्र पाहायच्या कितीतरी आधीपासून.

उकंडाचं जलदान दीपानं केलं. तेही मायनंच त्यानंतरच्या फोनवर सांगितलं, आणि मग म्हणाली, ‘‘पोरीनं टाकलं ते टाकलं. पण तू थोरला हायेस. जिथं पहिल्यांदा उतरशीन तिथं विहार पाहजो, भन्तेजीले विनंती करजो अन् बाच्या नावानं पाणी टाकजो. तेवढं केल्याशिवाय माह्या जिवाले चैन नाई.’’

‘‘करतो,’’ तो म्हणाला.

तेव्हापासून कोलंबो येईस्तोवर त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. रडू आलं नाही. काम करताना तो हाताला सांगत राहायचा की अजून झालेलं नाही, अजून राहिलं आहे. बा गेला हे त्याला कळलं होतं. बाला निरोप दिलेला नव्हता.

जहाज सकाळी धक्क्याला लागलं. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा म्हातारा माणूस होता. नावं लक्षात ठेवायची त्याला सवय नव्हती. तो माणसाला गावाच्या नावानं हाक मारायचा.

‘‘ए यवतमाळ, एवढा पांढराशुभ्र होऊन कुठं निघालास? नवरी बघायला?’’

‘‘विहारात.’’

‘‘पहिल्यांदा जमिनीवर उतरून देवळात जाणारा खलाशी मी आजवर बघितला नाही. जा बाबा. आज रात्रीच सुटायचंय. दिवे लागायच्या आत गेटवर दिसला नाहीस तर कोलंबोत घरजावई हो.’’

धम्मरत्ननं तो पांढरा सदरा मुद्दाम काढला होता. मायनं तो धुऊन, घडी घालून, पेटीच्या तळाशी ठेवून दिला होता. विहारात जाताना घाल म्हणून. गळ्यात बंदराचा पास होता. शिडी उतरून धक्क्यावर पाय टेकला तेव्हा जमीन हलत असल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवस पायांनी डोलायची सवय लावून घेतली होती. आता स्थिर जमीनच त्यांना परकी वाटत होती.

गोदामासमोर कापसाच्या गाठी उतरवून ठेवल्या होत्या. पट्ट्यांनी आवळलेल्या, कुठल्यातरी दूरच्या देशातल्या. एका गाठीचं कापड फाटलं होतं. त्यानं चालता चालता चिमूटभर रुई ओढली आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बा करायचा तशी ताणून पाहिली. धागा लांब होता. पहाऱ्यावरच्या माणसाला त्यानं खुणेनं विचारलं, हे कुठं जाणार? माणूस म्हणाला, ‘‘इंडिया.’’

त्याला हसू आलं, आणि ते बाला सांगता येणार नाही हे लगेच ध्यानात आलं. घरी लोक कापसावर झोपत होते आणि इथून कापूस त्यांच्याच देशात निघाला होता. बा यावर काय म्हणाला असता तेही त्याला ठाऊक होतं. काहीच म्हणाला नसता. खोकला असता.

तळ्याकाठी मोठं विहार होतं. तिथवर तो विचारत विचारत, चालत गेला. शहर ओलसर आणि हिरवं होतं. फाल्गुनात यवतमाळकडे पानं झडून गेलेली असतात, इथं भिंतींनाही पानं फुटली होती. चौकाचौकात बुद्धाची मूर्ती काचेच्या पेटीत बसलेली. ते पाहून त्याची छाती भरून आली. त्याच्या गावात बुद्धाची मूर्ती बसवायची म्हटल्यावर जागेवरून दोन वर्षं बैठका झाल्या होत्या. इथं रिक्षावाला सिग्नलला थांबला की हँडलवरचा हात उचलून नमस्कार करत होता.

विहारात मात्र परदेशी पाहुण्यांची रांग होती, फोटो निघत होते. त्यानं मूर्तीपुढं गुडघे टेकून त्रिशरण म्हटलं. शेजारी एक लहान श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, फुलं आवरत होता. तो थबकून ऐकू लागला. शब्द त्याचेच होते, चाल वेगळी होती. धम्मरत्ननं मोडक्या इंग्रजीत विचारलं, भन्तेजी भेटतील का? वडिलांसाठी पाणी टाकायचं आहे.

श्रामणेरानं मान हलवली. भन्ते बाहेर गेले आहेत, एका घरी. संध्याकाळी या.

‘‘संध्याकाळी मला जहाजावर परतायचं आहे.’’

श्रामणेरानं याचं काय करावं ते न कळून त्याच्या हातात एक कमळ दिलं.

तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. भन्ते आले नाहीत. सावल्या लांबू लागल्या तसा तो उठला आणि बंदराच्या दिशेनं चालू लागला. मायला काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात सुरू झाली होती. विहार बंद होतं म्हणावं? पण मायशी खोटं बोलायचं तर तिचा चेहरा समोर नसावा लागतो, आणि त्याला तो फोनवरही दिसायचा.

रस्ता कुठंतरी चुकला. बंदराच्या क्रेन उजवीकडे दिसायला हव्या होत्या, त्या मागे दिसू लागल्या. परत फिरावं म्हणून तो एका गल्लीत शिरला आणि त्याला पांढऱ्या पताका दिसल्या.

गल्लीच्या तोंडापासून आतपर्यंत, दोन्ही बाजूंनी, दोरीला लावलेल्या स्वच्छ पांढऱ्या पताका. वर आडवा पांढरा फलक, त्यावर गोल गोल, जिलेबीसारखी अक्षरं. पुढं एका घरासमोर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. बायकांच्या साड्या पांढऱ्या, पुरुषांचे सदरे पांढरे. आतून पाली गाथांचा आवाज येत होता.

धम्मरत्नच्या जिवात जीव आला. त्याच्या मुलखात हे दृश्य एकाच गोष्टीचं असतं. त्यांच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते, नवरा पांढऱ्या सदऱ्यात उभा राहतो, वऱ्हाड पांढरंच असतं, आणि गाथा झाल्यावर अंगावर फुलं पडतात. चुलतभावाच्या लग्नात तर मायनं मांडवाच्या झालरीसुद्धा पांढऱ्या करायला लावल्या होत्या. लग्नघर होतं तर. आणि लग्न असेल तिथं भन्ते असणारच. कार्यक्रम आटोपला की हात जोडायचे, लोटाभर पाणी मागायचं. लग्नघरात त्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही.

त्यानं केस सारखे केले, कमळ नीट धरलं आणि मांडवात शिरला. दाराशी एक प्रौढ माणूस उभा होता. धम्मरत्ननं तोंडभर हसून हात जोडले.

‘‘जयभीम. मंगल कामना.’’

त्या माणसानं हात जोडले. हसला नाही. इकडची मंडळी लग्नातही हसत नसावीत असं धम्मरत्नला वाटलं. वाशीमकडचे त्यांचे काही सोयरे तसेच होते, जेवण झाल्याशिवाय त्यांचा चेहरा सुटत नसे. माणसाची नजर त्याच्या सदऱ्यावरून कमळावर गेली, तिथून गळ्यातल्या पासावर थांबली.

‘‘हार्बर?’’ त्यानं विचारलं.

‘‘हो. हार्बर. जहाजावरून.’’

माणसाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं धम्मरत्नचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत त्याला थेट घरात नेलं. मानाच्या पाहुण्याला नेतात तसं. लोक बाजूला सरकले, आणि समोर मधोमध पेटी होती. तिच्या दोन्ही बाजूंना हत्तीचे वाटावेत असे दोन पांढरे सुळे उभे केलेले. आत एक म्हातारा निजला होता. सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं.

धम्मरत्नच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं. ते कुठं ठेवावं त्याला कळेना.

एका तरुणानं त्याला खाली चटईवर बसवलं आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. मामा बंदरात क्रेन चालवत होते. आयुष्यभर. बंदरातून बरेच लोक येऊन गेले; पण जहाजावरून कोणी येईल असं वाटलं नव्हतं. फार बरं केलंत.

आता काय बोलणार? मी लग्न समजून आलो? त्यानं कमळ पेटीच्या कडेला ठेवलं आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. ओळख नसताना तो चेहरा ओळखीचा वाटला. कामाला जुंपलेल्या माणसाचा चेहरा झोपेतही पुरता सैल होत नाही. बाचाही होत नसे.

भन्ते ओळीनं बसले होते. त्यांच्यापुढं म्हाताऱ्याची मुलगी येऊन बसली. दीपापेक्षा थोडी मोठी असेल. तिच्यासमोर ताट ठेवलं, ताटात वाटी, आणि तिच्या हातात पाण्यानं भरलेली किटली.  हेच. ज्यासाठी तो सकाळपासून फिरत होता तेच. लोट्याच्या जागी किटली, एवढाच फरक. मुलीनं किटली उचलली. तिच्या आईनं तिच्या हातावर हात ठेवला, आईच्या हातावर त्या तरुणानं, त्याच्या खांद्याला दुसऱ्या कोणी, अशी सगळी नातेवाईक मंडळी एकमेकांना धरून त्या धारेशी जोडली गेली. त्यांच्यात हात रिकामा असलेलं कोणी राहिलं नाही.

तेवढ्यात त्या तरुणाची नजर त्याच्यावर पडली. भिंतीपासून वायर ताणून एक फोन चटईवर आणून ठेवला होता. रिसीव्हर खाली काढलेला, तोंड वाटीकडे. तो सारखा वायरीच्या ओढीनं मागं घसरत होता.

‘‘एवढा धराल?’’ तरुण म्हणाला. ‘‘हिचा भाऊ आहे फोनवर. दोह्याला असतो. रजा मिळाली नाही. त्याला पाणी ऐकायचंय.’’

धम्मरत्ननं रिसीव्हर उचलला आणि वाटीजवळ धरला. गाथा सुरू झाल्या. किटलीच्या तोंडातून पहिली धार पडली.

एक हात त्याचा मोकळा होता. समोर मुलीच्या शेजारी जागाही होती. आईनं तर मान हलवून त्याला जवळ सरकायची खूण केली. नुसतं बोट जरी किटलीला लावलं असतं आणि मनातल्या मनात उकंडा हे नाव घेतलं असतं, तरी मायचं काम झालं असतं. गाथा त्याच होत्या, पाणी पाणीच होतं. कोणाला कळलं नसतं आणि कळलं असतं तरी कोणी रागावलं नसतं. त्यानं हात पुढं केलाही.

पण भन्त्यांचा आवाज चढला होता आणि त्यात धारेचा आवाज बुडून जात होता. रिसीव्हरच्या आतून बारीक आवाज येत होता. कोणीतरी तोंडानं श्वास घेत होतं. कान देऊन ऐकणारा माणूस घेतो तसा, मध्येच रोखलेला. धम्मरत्ननं पुढं केलेला हात मागं घेतला. त्याची ओंजळ करून रिसीव्हरभोवती आड धरली, म्हणजे गाथांचा आवाज अडेल आणि पाण्याचा तेवढा आत जाईल. आणखी वाकून त्यानं तो वाटीच्या काठापर्यंत नेला. वाटी भरली. पाणी काठावरून उतरलं, त्याच्या बोटांवरून ताटात गेलं. दोन्ही हात गुंतलेलेच राहिले.

गाथा संपल्या. साधू, साधू, साधू, असं सगळे म्हणाले. मुलीनं रिसीव्हर घेतला, भावाशी काही बोलली, ऐकलं, डोळे पुसले आणि तो परत धम्मरत्नच्या हातात दिला.

‘‘भाईसाब,’’ पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. आखातात राहून शिकलेली हिंदी. ‘‘पानी का आवाज बराबर आया. बहन बोली, आपने पकडा था.’’

‘‘हां.’’

‘‘आप मेरे बाप को पहचानते थे?’’

‘‘नहीं भाई.’’

 मग तो म्हणाला, ‘‘अच्छा. फिर भी आए.’’

भन्ते उठून बाहेर निघाले होते. मांडवाच्या टोकाशी गाडी उभी होती. चार पावलं धावून गाठता आलं असतं, हात जोडता आले असते. त्यानं पाहिलं, आणि जागचा हलला नाही. ज्या घरात अजून पेटी उचललेली नाही, तिथं आपलं गाऱ्हाणं काढायला त्याची जीभ वळेना. शेजाऱ्यांनी आणलेला चहा त्यानं घेतला. घराची चूल पेटलेली नव्हती; तेही आपल्यासारखंच. कप ठेवला आणि कोणाला काही न सांगता निघाला. अशा घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. कोणी थांबवलं नाही, यावरून इथंही म्हणत नसावेत असं त्यानं समजून घेतलं.

बंदराच्या गेटसमोर परदेशी फोन लावून देणारं दुकान होतं. उजेड उतरत चालला होता. गेटच्या आत सारंग उभा असलेला त्याला दिसत होता. त्यानं अमरसिंगच्या बूथचा नंबर फिरवायला लावला.

‘‘कोण? धम्मा? अबे कुठून बोलून राह्यला?’’

‘‘कोलंबोवरून, काका. मायले बोलावता का? दीपालेही.’’

‘‘ते दोघी इथंच बसून हायेत दुपारपासून. मले गिऱ्हाईक करू देत नाईत. ‘आज उतरनार, आज उतरनार’. घे, बोल.’’

‘‘टाकलं का रे?’’ मायनं पहिलं तेच विचारलं.

वाटेत जुळवलेलं सगळं तोंडाशी येऊन विरून गेलं. ‘‘नाई टाकलं माय,’’ तो म्हणाला, आणि झालं ते सांगितलं. लग्न समजून गेलतो इथपासून.  फोन धरला होता तिथवर तो आला.

‘‘मंग दुसऱ्याच्या बापाले पाणी देऊन आला तू,’’ ती म्हणाली. रागावून नाही, नीट समजून घेतल्यासारखं.

‘‘देल्लंही नाई. नुसतं ऐकवलं.’’

‘‘कोनाले?’’

‘‘त्याच्या पोराले. त्याले येता नाई आलं.’’

तिकडे स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. 

‘‘दीपाले दे,’’ तो म्हणाला.

‘‘बोल दादा.’’

‘‘तूनं बाले पाणी टाकलं तवा कसं टाकलं वं?’’

‘‘कसं म्हंजे? टाकतात तसं.’’ मग तिचा आवाज बारीक झाला. ‘‘मले नाई आठवत दादा. मी पाह्यलंच नाई वाटीकडे. तुह्या जागेवर बसली होती, तेच मनात होतं.’’

‘‘माह्या जागेवर नाई. तुह्याच जागेवर होती.’’ तो म्हणाला. ‘‘आता टाकशीन का एकडाव? फोन जवळ धरून. मले ऐकू दे.’’

‘‘इथं? अमरसिंगकाकाच्या बूथात?’’

‘‘काहून नाई,’’ मागून माय म्हणाली. ‘‘अमरसिंगभाऊ, लोटा हाय का तुमच्यापाशी? अन् चहाची बशी. वाटी असन तं वाटी द्या.’’

‘‘वाटी कुठून आणू ताई, फोनचं दुकान हाय हे,’’ अमरसिंग म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भांड्याचा आला. ‘‘घ्या. डब्याचं झाकण हाय, खोल हाय. खाली ताट नाई, हे खोक्याचं पत्र्याचं झाकण घ्या. मशीनवर पाडू नको पोरी, तेवढं सांभाळ.’’

‘‘भन्तेजी नाईत,’’ दीपा म्हणाली.

‘‘म्या म्हणते,’’ माय म्हणाली.

आणि ती म्हणू लागली. तिचं पाली कधीच शुद्ध नव्हतं. विहारात बायका तिला हसायच्या. धम्मरत्ननं रिसीव्हर कानाला दाबून धरला. दुसऱ्या कानावर हात ठेवला. आधी नुसती खरखर होती. मग तिच्यातून पाणी आलं. पत्र्यावर पडल्यासारखं, मग पाण्यावर पाणी पडल्यासारखं, जाड होत गेलेलं. तिकडे बूथाबाहेर कोणीतरी ‘दारव्हा, दारव्हा’ ओरडत होतं. अमरसिंग त्याला म्हणत होता, ‘‘थांब बे जराक.’’

तो ओरडणारा थांबला.

इकडे दुकानाच्या काचेपलीकडे दिवे लागले होते. गेटवरून सारंग त्याच्याकडेच चालत येत होता. काचेतून त्याला पाहिलं आणि उचललेला हात तसाच खाली घेऊन तो बाहेर उभा राहिला.

धार चालूच होती. रुखमाबाईचा आवाज एका शब्दावर अडकला, तिनं तो सोडून पुढचा घेतला.

‘‘भरली,’’ दीपा म्हणाली. ‘‘दादा, आता खाली उतरून राह्यलं.’’